सातबारा, दाखले, बिलं आणि यूपीआय: कोल्हापूरकरांसाठी घरबसल्या कामांची वाट

सोसायटीच्या कर्जाला सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा एकत्र उतारा), पोरांच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला, महिन्याचं लाईट बिल, शहरात असाल तर घरफाळा आणि पाणीपट्टी, आणि रोजचं यूपीआय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराला वर्षभर एवढीच ऑनलाइन कामं पुन्हा पुन्हा लागतात आणि यातलं प्रत्येक काम आपल्या फोनवरून होतं. महा-ई-सेवा केंद्रावरून करून घेण्यात काही गैर नाही. फक्त अर्जावर मोबाईल नंबर आपला हवा, लॉगिन आपलं हवं आणि ओटीपी आपण स्वतः टाकायला हवा. केंद्रचालकाने घाईत स्वतःचा नंबर टाकला की ‘त्रुटी आहे, कागद जोडा’ असा मेसेज त्याच्या फोनवर जातो, आपण आठवडाभर वाट बघत बसतो आणि अर्ज परत गेल्याचं शेवटी कळतं.

आधी नंबर आणि नाव

काम कुठलंही असो, ते अडतं ते बहुतेक दोन कारणांनी. आधारला जोडलेला नंबर बंद झालेला असतो, नाहीतर एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचं असतं.

नंबर तपासायला माय आधारच्या संकेतस्थळावर ‘आधार वैधता तपासा’ हा पर्याय आहे. लॉगिन लागत नाही. बारा अंकी आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन अंक दिसतात. ते अंक सध्याच्या नंबरचे नसतील किंवा जागा रिकामी असेल, तर आधार केंद्रावर जा. मोबाईल बदलायला कुठलाही कागद लागत नाही, जुनं सिमही लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. पावतीवर छापलेली असेल तेवढीच रक्कम द्या आणि ती पावती टाकून देऊ नका. बदल झाला की नाही, हे त्यावरच्या क्रमांकानेच बघता येतं. घरातल्या सगळ्यांच्या आधारला एकाच मुलाचा नंबर जोडायची पद्धत आहे. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की गावाकडे आईचं प्रत्येक काम त्याच्या ओटीपीवर अडून राहतं. आईचा स्वतःचा फोन असेल, मग तो साधा का असेना, तोच नंबर जोडा. ओटीपी साध्या फोनवरही येतो.

नावाचं दुखणं जास्त चिवट आहे. समजा आधारवर ‘संभाजी दत्तात्रय पाटील’ आहे, पॅनवर ‘संभाजी डी पाटील’, सातबारावर ‘पाटील संभाजी दत्तू’ आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस एकच. संगणक मात्र अक्षराला अक्षर जुळवतो आणि ‘माहिती जुळत नाही’ एवढंच सांगून थांबतो. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक एकदा शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग ताडून बघा. कुठला कागद दुरुस्त करायचा हे ठरवताना शाळेचा दाखला पाया धरा, कारण तो बदलणं सगळ्यात अवघड. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा अंदाजाने दुरुस्तीला जाऊ नका. सातबारावरची लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्त होते. त्याचा अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून करता येतो.

सातबारा: बघायचा वेगळा, द्यायचा वेगळा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर दिसणारा सातबारा फुकट असतो, पण तो फक्त माहितीसाठी. शासकीय किंवा कायदेशीर कामाला चालणार नाही, असं त्यावरच लिहिलेलं असतं. बँकेत, सोसायटीत, कचेरीत द्यायचा तो डिजिटल स्वाक्षरीचा. त्यासाठी डिजिटल सातबाराचं वेगळं संकेतस्थळ आहे आणि एका उताऱ्याला 15 रुपये पडतात. त्यावर क्यूआर कोड आणि 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो, वर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. कुणी शिक्का मागितलाच तर तो क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून तिथल्या तिथे खरेपणा दाखवता येतो.

फुकटचा बघताना आधी विभाग निवडायचा असतो. आपला जिल्हा ‘पुणे’ विभागात येतो. त्यानंतर जिल्हा, बारा तालुक्यांपैकी आपला तालुका, मग गाव. गावाच्या यादीत बरेच जण चुकतात. खुर्द आणि बुद्रुक, कसबा आणि मौजे, त्यात आपल्याकडची ‘तर्फ’ची गावं. कळंबे तर्फ ठाणे वेगळं आणि कळंबे तर्फ कळे वेगळं. चुकीच्या गावातही तोच गट नंबर सापडतो आणि भलत्याच माणसाचा उतारा समोर येतो.

गट नंबर माहीत असेल तर आधी फक्त मूळ आकडा टाकून शोधा. 145/2 हवा असेल तर 145 टाका, म्हणजे त्या गटाचे सगळे हिस्से खालच्या यादीत येतात. त्यातून आपला निवडा. नंबर माहीत नसेल तर नावाने शोधता येतं, पण मराठीत आणि नोंदीत जसं आहे तसंच. ‘पाटील’ने सापडलं नाही तर ‘पाटिल’ टाका. आडनावाऐवजी पहिल्या नावाने शोधून बघा. आजोबांचं नाव अजून उतरलेलं नसेल तर त्यांच्या नावाने.

डिजिटल उताऱ्यासाठी मोबाईल आणि ओटीपीने आत जाऊन खात्यात आधी रक्कम भरावी लागते. मग प्रत्येक उताऱ्याला त्यातून पैसे वजा होतात. पैसे कापले गेले आणि शिल्लक वाढलेली दिसली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहारांच्या यादीत त्याची स्थिती आधी बघा. बँकेचा निरोप संकेतस्थळाला पोचायला वेळ लागतो आणि घाई केली की दोनदा पैसे जातात. उतारा मिळाला की पीडीएफ फोनमध्ये गाव आणि गट नंबराच्या नावाने ठेवा. ‘डाउनलोड 17’ नावाची फाईल सोसायटीच्या खिडकीपुढे उभं राहून शोधायला नको.

उतारा हातात आला की नुसतं नाव आणि क्षेत्र बघून घडी घालू नका. तीन जागा वाचायच्या. ‘प्रलंबित फेरफार’पुढे ‘नाही’ आहे का? ‘आहे’ असेल तर या जमिनीवर कुणीतरी नोंद घातलेली आहे आणि ती मंजूर व्हायची आहे. अशा नोंदीची नोटीस आपली चावडी या संकेतस्थळावर गावनिहाय दिसते आणि हरकतीला 15 दिवस असतात, म्हणून गावाचं पान अधूनमधून उघडून बघणं शहाणपणाचं. दुसरी जागा शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख. आपण गेल्या वर्षी काहीच केलेलं नसताना तारीख गेल्या वर्षीची असेल तर तो फेरफार काढून वाचलाच पाहिजे. तिसरी म्हणजे ‘इतर अधिकार’. सोसायटीचा इकरार (कर्जाची नोंद), बँकेचा बोजा इथे दिसतो. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. फेडीचा दाखला घेऊन ई-हक्कमधून बोजा कमी करायचा अर्ज करावा लागतो. हे राहून गेलं की पुढच्या कर्जाच्या वेळी किंवा वाटणीच्या वेळी आठवण होते आणि तेव्हा घाई असते.

शहरातल्या घराला सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड दोन्ही लागतात, कारण एकच नंबर ए वॉर्डातही असतो आणि ई वॉर्डातही. जुन्या खरेदीखतात किंवा आधीच्या पत्रकावर दोन्ही सापडतात.

पिकाची नोंदही आता आपल्याच हातात आहे. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. ॲपमध्ये खातेदार आणि गट निवडून पीक, क्षेत्र आणि लागणीची तारीख भरायची आणि फोटो शेतात उभं राहूनच काढायचा, कारण ॲप जागा ताडतं. बांधावरून काढलेला फोटो शेजारच्या गटात धरला जातो. रानात मधोमध उभे राहा, लोकेशन चालू करून थोडा वेळ थांबा, मग फोटो घ्या. शाहूवाडी, गगनबावड्याकडे रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. मात्र अपलोड झाल्याचा संदेश दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका. चूक झाली तर 48 तासांच्या आत स्वतः दुरुस्त करता येते. कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो काढताना आपले सगळे गट, दुसऱ्या गावातलेसुद्धा, जोडले गेलेत का बघा.

दाखले आणि मार्च–एप्रिलचा हिशेब

उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेअरचा, हे सगळे दाखले ‘आपले सरकार’वर मिळतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर, म्हणजे मे-जूनमध्ये अख्खा जिल्हा एकाच वेळी अर्ज करतो. संकेतस्थळ मंदावतं आणि तहसील कार्यालयात अर्जांचा ढीग लागतो. म्हणून घाई आधी करा, पण फार आधीही नको. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत मोठ्या उत्साहाने काढलेला दाखला जूनमधल्या प्रवेशाला उपयोगाचा राहत नाही. एप्रिल उजाडला की अर्ज टाका. नॉन क्रिमीलेअरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज भरताना एक वर्ष की तीन वर्षं हा पर्याय विचारतात, तिथे न बघता ‘एक’वर टिचकी मारली की पुन्हा पहिल्यापासून सगळं आलं. प्रवेशासाठी नॉन क्रिमीलेअरची मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत आहे का, तेही तपासा.

आत गेल्यावर महसूल विभाग, महसूल सेवा आणि मग हवा तो दाखला, असा क्रम आहे. कागदांचे गट असतात. ओळखीचा पुरावा यादीतला कुठलाही एक, पत्त्याचा कुठलाही एक, आणि ‘अनिवार्य’ म्हटलेले मात्र सगळे. शेतीचं उत्पन्न असेल तर तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल आधी हातात घ्या, नोकरी असेल तर पगाराचं प्रमाणपत्र किंवा फॉर्म 16.

बहुतेकांचा अर्ज अडतो तो फाईलच्या आकारावर. फोटो 5 ते 20 केबीचा लागतो, रुंदी 160 पिक्सेल आणि उंची 200 ते 212. कागद 75 ते 500 केबीच्या मधले. आजच्या फोनचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो, म्हणून लोक तो आवळत आवळत 30 केबीवर आणतात आणि तोही नाकारला जातो, कारण खालची मर्यादा 75 ची आहे. शिवाय एवढ्या आवळलेल्या कागदावरचं काही वाचता येत नाही आणि कारकून ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवतो. कागद दिवसाउजेडी सपाट ठेवून, सावली न पडू देता, चारही कोपरे दिसतील असा घ्या. स्कॅनच्या ॲपमधून काळ्या-पांढऱ्यात काढलात तर आकार आपोआप बेतात येतो. एकाच दाखल्याची पुढची आणि मागची बाजू असेल तर दोन्ही एकाच पीडीएफमध्ये घाला.

जातीच्या दाखल्याला मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा बहुतेक घरांत सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. शाळा बंद पडली किंवा नाव बदललं असलं तरी रजिस्टर दुसऱ्या शाळेत नाहीतर शिक्षण विभागाकडे गेलेलं असतं, तिथे विचारा. संस्थानकाळातली नोंद मोडीत असेल तर तिचं मराठी लिप्यंतर सोबत जोडावं लागतं. हे शोधकाम अर्जाच्या फार आधी सुरू करा. ऑनलाइन त्याला कुठलाही आडमार्ग नाही.

अर्ज गेला की मिळणारा क्रमांक लिहून ठेवा. सेवा हमीच्या 2015 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक दाखल्याला दिवस ठरलेले आहेत, उत्पन्नाच्या दाखल्याला 15. मुदत उलटली किंवा कारण न पटता अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत त्याच संकेतस्थळावरून पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. उशिराचं सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. अपील म्हणजे भांडण नव्हे. आपल्या लोकांना उगाच संकोच वाटतो आणि पोराचा प्रवेश टांगणीला लागतो. हक्काने करा.

मिळालेला दाखला डिजिलॉकरमध्ये आणून ठेवा. तिथे ‘जारी केलेली कागदपत्रं’ आणि ‘अपलोड केलेली’ असे दोन कप्पे आहेत. संबंधित खात्याकडून थेट आलेला कागद पहिल्यात असतो आणि मुळाइतकाच मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेला दुसऱ्यात जातो, त्याला झेरॉक्सइतकीच किंमत. रस्त्यात लायसन्स दाखवायचं असेल तर ते पहिल्या कप्प्यातलं हवं.

बिलं

लाईट बिलाला बारा अंकी ग्राहक क्रमांक पुरतो. कुठल्याही ॲपवर भरताना तो टाकल्यावर दिसणारं नाव वाचूनच पुढे जा, एक अंक चुकला की शेजाऱ्याचं बिल भरलं जातं. बिल अचानक फुगलेलं आलं तर मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा ‘चालू रीडिंग’ ताडा. मीटरचा पडदा आकडे फिरवत राहतो, त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेला आकडाच युनिटचा. तफावत असेल तर त्याच आकड्याचा फोटो, मीटर नंबर दिसेल असा, काढून महावितरणच्या ॲपवर किंवा 1912 वर तक्रार करा. घरफाळा आणि पाणीपट्टी महापालिकेच्या संकेतस्थळावर भरता येते. दोन्हींचे ग्राहक क्रमांक वेगळे असतात, ते जुन्या पावतीवरून घ्या.

यूपीआय अडकलं तर

पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर आधी व्यवहाराची स्थिती बघा. ‘पेंडिंग’ असेल तोवर पुन्हा पाठवू नका. ‘फेल’ होऊनही रक्कम परत आली नाही तर व्यवहार उघडून त्यातला 12 अंकी संदर्भ क्रमांक टिपून घ्या आणि तिथूनच तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणसाकडून माणसाला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448.

रेंज आहे पण नेट नाही, अशा वेळी *99# लावून एका वेळी 5000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. साध्या फोनवरूनही.

कपिलतीर्थ किंवा शिंगोशी मार्केटमध्ये बसणाऱ्यांनी सकाळी गाडा लावताना आपला क्यूआर एकदा स्वतःच स्कॅन करून नाव बघावं. रात्रीतून त्यावर दुसरा कागद चिकटवून जाणारे आहेत. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, साउंडबॉक्सचा आवाज नाहीतर आपल्या खात्यातली जमा बघा. आणि पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

फसवणूक झाली तर पहिला तास

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज साध्या दहा अंकी नंबरवरून आला की तो खोटा. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या नावाने येतात. दुसरा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसान, कधी लग्नाची पत्रिका, आणि पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. चलन खरं आहे का, हे ई-चलनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा.

फाईल उघडली गेलीच तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय गोठवा. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधली त्याची परवानगी आधी काढावी लागते. एवढं झाल्यावर फ्लाइट मोड काढून ##002# डायल करा, म्हणजे कुणी गुपचूप वळवलेले कॉल परत आपल्याकडे येतात.

पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पोलीस ठाण्यात जायच्या आधी हा फोन, कारण चोराच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती अडवता येते आणि प्रत्येक मिनिटाला ती शक्यता घटत जाते. बँकेचं नाव, खाते क्रमांक, 12 अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ एवढं कागदावर लिहून मग बोला. मेसेज आणि चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. मिळालेल्या तक्रार क्रमांकावरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा.

फोनच हरवला तर आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या, पोलिसांत तक्रार द्या आणि तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. फोन हातात आहे तोवरच *#06# दाबून तो पडद्यावर आणा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा. खोका आणि बिल सापडेल याचा भरवसा नसतो.